साहेब घरी नाहीत

४ फेब्रुवारी

अहो,

पत्र बघून दचकू नका. पैसे मागायला लिहिलेलं नाही आणि रडगाणं गायला तर नाहीच नाही. फोनच केला असता, पण माझा नंबर तुम्ही मोबाइलमध्ये बंद करून ठेवलाय असं खारू म्हणाली. पोटच्या पोरीच्या तोंडून हे ऐकायची वेळ आणलीत माझ्यावर. पत्ताही तिच्याकडूनच घेतला. काम एकच आहे: जिथे जाल तिथे फॉर्मवर घरचा नंबर टाकायची सवय सोडा.

तुम्ही निवृत्त झालात, महिनाभर घरात येरझाऱ्या घातल्यात, आणि एक दिवस "मला जरा शांतता हवी" म्हणून बॅग उचलून दुसऱ्या गावात टायरच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन राहिलात. त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. घ्या की शांतता, माझी ना नाही. पण तिकडे गादी घ्या, चष्मा घ्या, नाहीतर दुकानातलं बक्षिसाचं कूपन भरा, नंबर मात्र इथला! का, तर नवा नंबर कुणाला द्यायचा नाही, लोक फोन करून त्रास देतात. मग तो त्रास कुणी काढायचा? मी. साहेबांची झोपमोड होऊ नये म्हणून माझे कान गहाण.

सकाळी दवाखान्यात जायला चप्पल पायात सरकवते की वाजलाच. "साहेब आहेत का?" साहेब घरी नाहीत. "कधी येतील?" आता याचं मी काय उत्तर देऊ? संध्याकाळी येऊन पर्स ठेवते न ठेवते तोच पुन्हा. गुडघ्याच्या तेलवाला. गावाबाहेरच्या प्लॉटवाली. परवा एकजण टकलावर केस उगवून देतो म्हणत होता. मी म्हटलं, बाबा रे, साहेबांच्या डोक्यावरची जमीन पार नापीक आहे, तू त्या प्लॉटवालीलाच गाठ. तर म्हणतो, "मॅडम, त्यांचा नंबर मिळेल का?" असले एकेक दिवटे!

यांना माणूस म्हणायचं माझ्या जिवावर येतं. समोरचा जेवतोय, तापाने फणफणलाय, की घरात कुणी गेलंय, याचं सोयरसुतक नाही. पाठ केलेलं घडाघडा म्हणायचं, मध्ये थांबवलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. दाताच्या दवाखान्यात मी दिवसभर फोनच उचलते, त्यामुळे मला माणूस पहिल्या वाक्यात कळतो. ज्याला खरंच गरज असते तो हॅलोसुद्धा म्हणत नाही, सरळ "अहो, दाढ ठणकतेय" असाच सुरू होतो. आणि ज्याला तुमच्या खिशात हात घालायचाय तो आधी तुमची तब्येत विचारतो. डॉक्टर हसतात मला, पण अजून तरी चुकलेले नाही.

आणि हो, आपण तिकडे काय करतो याचा हिला पत्ता नाही, असं वाटत असेल तुम्हाला. अहो, बसल्या जागी सगळं कळतं! व्यायामशाळेचा पोरगा म्हणाला, सरांनी वर्षाची वर्गणी भरली आणि तीनदा तोंड दाखवून गायब झाले. मी म्हटलं, बरोबर आहे, आमचेच ते. गादीवालीने विचारलं, "सरांनी एकट्याचीच गादी नेली होती ना? त्यावर उशी मोफत आहे." एकट्याची म्हणाली ते ऐकून बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. आणि ते कानाच्या मशीनवाले! डाव्या कानाने तुम्हाला निम्मंच ऐकू येतं म्हणे. इतकी वर्षं मी ओरडून सांगत होते, यांना ऐकू येत नाही, यांना ऐकू येत नाही. तुम्ही म्हणायचात, ऐकू येतं, ऐकायचं नसतं. घ्या आता!

तर नंबर द्यायचं बंद करा. उत्तराची अपेक्षा नाही, तुमचा स्वभाव माहीत आहे.

तुमची बिनपगारी टेलिफोन ऑपरेटर


१२ फेब्रुवारी

अहो,

अभिनंदन! तुमच्यासाठी दोन स्थळं आली आहेत.

काल सुट्टी होती. चादरी वाळत घालत होते तेवढ्यात फोन वाजला. पोरीचा आवाज, अगदी तोंडात खडीसाखर धरल्यासारखा. "पुनर्विवाहासाठी साहेबांनी आमच्या संस्थेत नोंदणी केलीय, त्यांच्याशी बोलायचं होतं." मला वाटलं नंबर चुकला असेल. तर तिने तुमचं नाव, वय, मोटारविम्याचे निवृत्त सर्व्हेअर, स्वतःची दोन खोल्यांची जागा, सगळं वाचून दाखवलं. भाड्याच्या खोल्याही स्वतःच्या करून टाकल्यात वाटतं. मग विचारते, "साहेब विधुर आहेत, तर विधवा बाईंची दोन स्थळं आलीत, चालतील ना त्यांना?"

मी खुर्चीवर बसले ती बसलेच. हातातली ओली चादर मांडीवर तशीच.

"आपण त्यांच्या कोण बोलताय?" तिने विचारलं.

"मी त्यांची कैलासवासी बायको," मी म्हटलं.

तुम्हाला वाटेल, गडबडली असेल बिचारी. छे! समोर लिहिलेलं वाचायची सवय, डोकं वापरायची नाही. म्हणाली, "ऐकून फार वाईट वाटलं मॅडम. आपल्या दुःखात आमची संस्था सहभागी आहे." माझ्याच मरणाचा दुखवटा, तोही मलाच! मी म्हटलं, बाई गं, मी गेले कशाने ते तरी बघून सांग. तिने बघितलं. "दीर्घ आजाराने, असं लिहिलंय."

दीर्घ आजार! तुमच्या संसारात साधा ताप यायला मला सवड मिळाली नाही. आजार दीर्घ होता हे खरं आहे, पण तो माझ्याशी लग्न करून रोज समोर पेपर वाचत बसायचा.

"आणि अपेक्षा काय लिहिल्यात साहेबांनी?" मी विचारलं. आता एवढं ऐकलं, तर तेही ऐकू. पोरगी म्हणते, "शिक्षणाची अट नाही. स्वयंपाक आला नाही तरी चालेल. स्वभाव शांत असावा."

हे लागलं मला. बाकीचं मी हसण्यावारी नेलं असतं, चार जणींत तुमची लाज काढली असती आणि मोकळी झाले असते. पण ही एक ओळ रुतून बसलीय. म्हणजे दीड वर्ष तुम्ही काय शोधताय, तर मी सोडून कुणीही. मी फार बोलते म्हणून गेलात ना? अहो, तुम्ही तोंड उघडत नव्हतात म्हणून दोघांच्या वाटचं मला बोलावं लागायचं. भाजी आणू का, मीच विचारायचं. आणा, मीच म्हणायचं. खारूला ओरडायचं मी आणि मग जाऊ दे हो लहान आहे, तेही मीच. हे कधी तुमच्या ध्यानात आलं?

खारूला यातलं काही सांगितलेलं नाही. बापाने आईला कागदावर मारून टाकलं हे कुठल्या तोंडाने सांगू? तिच्या लेखी अजून "बाबा जरा एकटे राहताहेत" एवढंच आहे. राहू दे तसंच.

तुम्ही किती भित्रे आहात ते मला आता नीट कळलं. सरळ घटस्फोट मागायची छाती नाही. बायको भांडकुदळ होती, सोडून आलो, असं लिहायचीही नाही. त्यापेक्षा मेली म्हणायचं, म्हणजे तुम्ही बिचारे! लोकांच्या गाड्यांवर हात फिरवून हा पोचा जुना, हा नवा, हा पैशासाठी मुद्दाम पाडलेला, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस स्वतःबद्दल एक ओळ खरी लिहू शकत नाही. थू तुमच्या सर्व्हेअरकीवर!

एक सोय मात्र झाली. मेलेल्या बाईला कुणाची भीडभाड ठेवावी लागत नाही. आता बघाच.

(कै.) मी


१९ फेब्रुवारी

अहो,

काय मग, फोन जोरात चाललाय ना?

आठवडाभर मी एकाही फोनवाल्याला हिडीसफिडीस केलेलं नाही. साहेब घरी नाहीत, म्हणायचं, आणि लगेच, "पण त्यांचा नवा नंबर लिहून घ्या." खारूने अडीअडचणीला असावा म्हणून मला दिला होता. तो मी तेलवाल्याला दिला, केसवाल्याला दिला, प्लॉटवालीला दोनदा सांगितला, चुकायला नको. वर सल्ला फुकट: जेवणानंतर करा, साहेब आडवे झालेले असतात, हमखास सापडतात. नको म्हणाले तरी सोडू नका, लाजाळू आहेत. आणि मोठ्याने बोला, एक कान अधू आहे. प्लॉटवाली तर गहिवरलीच. "ताई, एवढ्या मायेने आमच्याशी कुणी बोलत नाही हो," म्हणाली. फोन ठेवून मी पोट धरून हसले. किती महिन्यांत अशी हसले नव्हते.

आता पुढचं सांगते. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पूर्ण शुद्धीत केलंय.

परवा एकाचा फोन आला. "नमस्कार काकू! तब्येत कशी आहे? आवाज थकल्यासारखा वाटतोय." मी मनात म्हटलं, आलास का! हा विकणारा नव्हे, हा चोर. असल्यांचं मी काय करते ठाऊक आहे? मागे एकजण बँकेतून बोलतो म्हणाला होता. त्याला म्हटलं, मुला, बोलताना तुझी जीभ किडक्या दाढेला अडखळतेय, इथवर ऐकू येतंय मला, उद्या ये, उपटून काढू. त्यानेच घाबरून ठेवला. चोर तर चोर, वर एका दाढेला भिणारे. शी!

हा मात्र सराईत होता. साहेबांच्या नावाचं पार्सल अडवलंय, आत भलतंच काही सापडलंय, गुन्हे खात्यातून बोलतोय, साहेबांशी बोलावं लागेल. खर्जातला आवाज, मध्येच कागद चाळल्यासारखं करायचं, मागे वायरलेसची खरखर. सगळं नाटक. एरवी मी त्याची अशी खरडपट्टी काढली असती की पुन्हा त्याने फोनला हात लावला नसता. पण माझ्या डोक्यात ते "स्वभाव शांत असावा" घोळत होतं. म्हटलं, लिहून घ्या नंबर.

त्याने विचारलं, "आपण मिसेस ना त्यांच्या?" हो म्हटलं. "साहेब एकटेच राहतात का?" हो. कशातून निवृत्त झाले तेही सांगितलं. चोर आहे हे पक्कं माहीत असून सांगितलं. फोन ठेवल्यावर रिसीव्हर नीट बसलाय का ते दोनदा जाऊन बघितलं.

पण तुम्हाला कोण फसवणार? माझ्या सख्ख्या भावाच्या गाडीचा दावा तुम्ही फेटाळलात, पोचा आधीचाच आहे म्हणून, आणि त्याच रात्री त्याच्याकडे जेवून आलात. दवाखान्याच्या बिलाची बेरीज पुन्हा करून बघणारा माणूस तुम्ही. मला तर त्या चोराचीच कीव येते. करू दे चार दिवस डोकेफोड, तुम्हालाही कळू दे कान कसे किटतात ते.

तरी सांगून ठेवते. पार्सलबिर्सल काही नाही. तो बोलायला लागला की ठेवून द्या आणि त्याचा नंबर बंद करून टाका. माझा केलात तसा.

मी


२६ फेब्रुवारी, बसमध्ये

अहो,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, हातातच देईन. बस हलतेय, अक्षर वेडंवाकडं येतंय, लावून वाचा. लिहीत बसले नाही तर शेजारच्या बाईशी बोलायला लागेन आणि नको ते बोलून जाईन.

खारूचा सकाळी फोन आला. किती दिवस तुमचा फोन सतत व्यस्त, कधी लागला तर तुम्ही उचलतच नाही, म्हणाली. शेवटी तिच्या मोबाइलवर तुमचा निरोप आला. "कामात आहे. फोन करू नकोस. आईला सांग, कुणीही विचारलं तर माझा यांच्याशी संबंध नाही असंच म्हण." खारू घाबरली होती. "आई, बाबांना काय झालंय गं?" मी म्हटलं, काय व्हायचंय, आईशी संबंध संपला हे आता पोरीलाही कळवून मोकळे झाले. आणि रागाने ठेवून दिला.

चप्पल घालत होते तोच पुन्हा वाजला. बँकेतली मुलगी. साहेब घरी नाहीत, म्हणून आपटणारच होते, तर ती म्हणाली, "मॅडम, सरांनी मोठी ठेव मुदतीआधीच मोडली. आज दुसरीही मोडायचा अर्ज आलाय. ती तरी राहू द्यावी म्हणून आमची एक नवी योजना सांगायची होती." जन्मात पहिल्यांदा मी योजनावाल्या मुलीला म्हटलं, बाई, ठेवू नकोस, बोल. पहिले पैसे कुठे गेले? ते सांगता येत नाही म्हणाली. दुसरी ठेव थांबव म्हटलं, तर खातेदाराशिवाय थांबवता येत नाही. पण पैसे सुटायला उद्याची सकाळ उजाडेल. तुमच्या गावच्या पोलिसांना फोन केला. ज्याचे गेले त्यानेच तक्रार करायला हवी, म्हणाले. वा रे वा! ज्याचे गेले तो फोन उचलत नाही, हेच तर सांगत होते त्यांना.

डॉक्टरांना म्हटलं, घरात दुखणं निघालंय, आणि तडक बस पकडली.

खारूला पुन्हा फोन केला. तिने या प्रकाराबद्दल ऐकलंय. तुम्हाला अटक झालीय असं सांगून माणसाला मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात म्हणे. उठायचं नाही, बाहेर जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. माणूस आपल्याच खोलीत कैदी, आणि कडी आतून! असल्या माणसाला काय म्हणावं सांगा. मी म्हटलं, तुझा बाप इतका बावळट नाही. म्हटलं खरं, पण माझं मलाच पटेना. शिक्का आणि केस नंबर दाखवला की तुम्ही कशापुढेही मान तुकवता, हे मला ठाऊक होतं. नंबर दिला तेव्हाही ठाऊक होतं.

हे बघा, मला तुमचा पुळका आलेला नाही. आयुष्यभराची पुंजी घालवून बसलात तर शेवटी माझ्याच गळ्यात पडणार, म्हणून येतेय. पण मला भीती वाटतेय, आणि ती पैशांची नाही. असं घाबरवलेली माणसं कधीकधी जिवाचं बरंवाईट करून घेतात, हेही खारूनेच सांगितलं. तुम्ही एकटे आहात हे त्या चोराला कुणी सांगितलं, ते तिला माहीत नाही.

बस पुन्हा थांबली. या ड्रायव्हरला चहा प्यायला हाच मुहूर्त सापडला!


५ मार्च

अहो,

त्या दिवशी जे झालं ते तुम्ही तुमच्या बाजूने पाहिलंत, त्यातही निम्मा वेळ तुमचे डोळे मिटलेले होते. आता माझ्या बाजूने ऐका. समोरासमोर मला बोलता आलं नाही. हे वाचून हसाल. हसा.

तुमच्या जिन्याखाली पत्रांच्या पेट्या आहेत. तुमच्या पेटीतून माझं एकोणीस तारखेचं पत्र अर्धं बाहेर डोकावत होतं. तुम्हाला खाली उतरायचीही मनाई आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी ते ओढून काढलं आणि पर्समध्ये कोंबलं. तुम्ही ते वाचलेलं नाही म्हणून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली.

दार बोटभर उघडलंत. वर इस्त्रीचा शर्ट, खाली चुरगळलेला पायजमा, दाढीचे पांढरे खुंट. मला बघताच ओठांवर बोट ठेवलंत आणि कुजबुजलात, "जा. आत्ताच्या आत्ता जा. खाली उतर आणि मागे बघू नकोस." मी मनात म्हटलं, झालं! चोरापुढेही या माणसाला माझीच लाज वाटते. दार ढकलून आत आले. पडदे ओढलेले, खोलीत खालच्या टायरांचा कोंडलेला वास, टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाइल उभा. त्यात गणवेशातला एक पोरगा. टोपी त्याला मोठी होत होती, सारखी भुवयांवर यायची. असल्या बुजगावण्यापुढे तुम्ही इतके दिवस हात जोडून बसला होतात!

"कोण आलंय?" तो गुरकावला.

"कुणी नाही साहेब. शेजारीण आहे, साबण मागायला आलीय."

"तुमच्या मिसेसना अजून हजर केलेलं नाही तुम्ही. गुन्ह्यात त्यांचंही नाव आहे. उद्या दुसरी रक्कम आली नाही तर त्यांना घरातून उचलावं लागेल."

"साहेब, किती वेळा सांगू, ती वारली हो. आणि तिच्या नावावर जे काही निघत असेल ते मीच भरतोय ना! तिला यात ओढू नका."

माझा यांच्याशी संबंध नाही असं आईने म्हणावं, हा खारूला धाडलेला निरोप मला तेव्हा समजला. जा, मागे बघू नकोस, हेही.

तो पोरगा हसला. "वारली? अहो, तुमचा नंबर त्यांनीच दिला मला. एकटे राहता, तेही त्यांनीच सांगितलं."

"खोटं आहे," तुम्ही म्हणालात. एकदम आवाज चढला तुमचा. "ती वाटेल ते बोलेल. पण असं करणार नाही."

अहो, उभ्या जन्मात तुम्ही कुणाचा दावा तपासल्याशिवाय मान्य केला नाहीत. केलात तो हा एकच, आणि तोच खोटा निघाला.

मग मी मोबाइल उचलला. त्या टोपीवाल्याला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पत्र पोस्टमनच्या हातून यायचंय. शेवटी त्याने टोपी काढली आणि पडदा काळा झाला. पण खरं सांगू? एरवीसारखी मजा आली नाही मला. इतकं तोंडसुख घेतलं, आणि त्यातलं निम्मं माझ्याच अंगाला चिकटत होतं.

दुसरी ठेव वाचली. पहिली मिळेल तेव्हा खरी, पोलिसांचा चेहरा काही फार आशेचा नव्हता. तक्रार लिहून घेणाऱ्याने विचारलं, "तुमचा नंबर त्यांच्याकडे गेला कसा?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी छताच्या पंख्याकडे बघत राहिले. तेवढ्यात तुम्हाला कळलं. कळताना तुमचा चेहरा कसा झाला ते मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. आणि तुम्ही त्याला म्हणालात, "कुठल्या तरी फॉर्मवर मीच लिहिला असेल." भावाच्या गाडीच्या पोच्यासाठी जे खोटं तुमच्या तोंडून निघालं नाही, ते इथे सहज बोलून गेलात.

मग चौकीबाहेरच्या बाकावर मी विचारलं, फॉर्मवर मला मारलंत कशाला? तुम्ही बोटं मोडत म्हणालात, "सोडून आलो असं लिहिलं की लोक कारण विचारतात. वारली म्हटलं की गप्प बसतात. मला कारण सांगता आलं नसतं." इतकं सलग वाक्य तुमच्या तोंडून मी कित्येक वर्षांनी ऐकलं. शांत स्वभावाचंही विचारलं होतं, पण तेव्हा मी तुमच्या डाव्या कानाच्या बाजूला बसले होते.

बस सुटताना खिडकीखाली येऊन तुम्ही विचारलंत, "मी परत येऊ का?" मी काच ओढून घेतली. तुम्हाला वाटलं असेल, रागावली. नव्हते रागावले. तोंडातून शब्द फुटत नव्हता. माझ्या!

एकोणीस तारखेचं पत्र आणि बसमध्ये लिहिलेलं, जे हातात द्यायला धीर झाला नाही, दोन्ही सोबत पाठवतेय. तुम्हाला कळलेलंच आहे, पण माझ्या अक्षरात वाचा. नंतर मला जे काही म्हणायचं असेल ते म्हणा. मी तुमची माफी मागते. लिहायला जड जातंय, म्हणून एकदाच लिहिते.

माझी खरी पंचाईत वेगळीच आहे. तुम्ही नालायक होतात तोवर माझं उत्तम चाललं होतं. सकाळी उठायचं, तुमच्यावर चिडायचं, त्या जोरावर दिवस निघायचा. आता चिडायला गेले की "ती असं करणार नाही" ऐकू येतं आणि सगळं अवसान गळून जातं. दवाखान्यात लोकांना भलत्याच वेळा देतेय. काल एका मेल्या कर्जवाल्याला "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला, बिचाऱ्यालाच चुकल्यासारखं वाटलं असेल. हे मला झेपत नाहीये. ज्याच्या उपकाराखाली दबून राहावं लागेल अशा माणसाबरोबर मी एका घरात कधी राहिलेली नाही. आणि शांत स्वभाव म्हणाल, तर तो या वयात काही माझ्या अंगी यायचा नाही.

तरी विचारलंत, तर उत्तर देते. या. पण येताना काहीतरी चुकवून या. उलट्या बसमध्ये बसा, उशीर करा, बॅग गाडीत विसरा, काय वाटेल ते करा. म्हणजे दार उघडल्यावर मला बोलायला काहीतरी राहील.

मी